विजयदुर्गाच्या माथी मारलेला हेलियम

शाळेतील भाषणासाठी माझ्या भाचीने उतरवून घेतलेला मजकूर असा होता: ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून खग्रास सूर्यग्रहण पाहताना हेलियमचा शोध लावला. रत्नागिरी जिल्ह्यातील, शिवरायांनी बांधलेला हा किल्ला इंग्रजांना कधीच जिंकता आला नाही.’ दर ऑगस्टमध्ये हे फिरते आणि आमच्याच भागातील शिकलेली माणसे ते अभिमानाने पुढे पाठवतात, याचा आता वीट आला आहे.

त्या दिवशी हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर भारतात नव्हतेच. ते ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून पाहिले. लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना, सौरज्वालांचा वर्णपट (प्रकाशाची रंगांत केलेली फोड) मिळवला आणि त्यातील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही, म्हणजे ती वेगळ्या मूलद्रव्याची असावी, हे पुढे हेलियमच्या कल्पनेचे मूळ ठरले. शिवाय ऐन पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर दुर्बीण लावून सूर्याची वाट पाहण्याची कल्पना ज्याने इथला एक तरी ऑगस्ट काढला आहे त्याला पटावी, हेच नवल आहे.

किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे लॉकियर यांच्या दुर्बिणींचे म्हणून दाखवले जाणारे चौथरे, मात्र निराधार नाहीत, एवढे मान्य करावे लागते. लॉकियर विजयदुर्गाला खरोखरच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे तीस वर्षांनी. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलेल्या त्यांच्या अहवालाच्या शीर्षकातच ही तारीख आणि ‘विझियाद्रुग’ हे नाव आहे. रसायनशास्त्रज्ञ रॅमझी यांनी १८९५ मध्येच हेलियम पृथ्वीवरील खनिजातून वेगळा केला होता. जो वायू तीन वर्षांपूर्वीच प्रयोगशाळेत हाती आला होता, तो लॉकियर यांनी विजयदुर्गाजवळच्या वाघोटन खाडीच्या मुखाशी नव्याने कसा शोधला, याचे उत्तर मजकूर पाठवणाऱ्यांनी द्यावे.

उरलेल्या विधानांत फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. किल्ल्याची मूळ बांधणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे दिली जाते. महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेऊन बळकट केला, आणि हे सांगितल्याने त्यांचे कर्तृत्व उणे होत नाही. इंग्रजांनी तो फेब्रुवारी १७५६ मध्ये जिंकला: समुद्रातून वॉटसनचे आरमार, जमिनीवर क्लाइव्हची फौज, आणि किल्ला तेव्हा ज्यांच्या ताब्यात होता त्या तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्धच्या त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्याच बाजूला होते. आंग्र्यांचे आरमार तेथेच जळाले. जिल्ह्याचे म्हणाल, तर १९८१ पासून तो सिंधुदुर्ग आहे.