गाईचा काटा, म्हशीचा काटा

प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे शिकवलेल्या माणसाला जुळी मुले ओळखण्याचा सराव असतो. माझ्या हाताखालून जुळ्यांच्या तीन जोड्या गेल्या. पहिल्या जोडीतल्या एकाच्या कपाळावर खोक पडल्याची खूण होती, दुसऱ्या जोडीतल्या धाकटीच्या पुढच्या दातांत फट होती, आणि तिसऱ्या जोडीत नखशिखान्त काहीच वेगळे सापडेना तेव्हा मी सतराच्या पाढ्याचा आधार घेतला. जो ‘सतरा साते’पाशी अडखळत असे तो धाकटा. एवढ्या अनुभवाच्या शिदोरीवर मी निवृत्तीनंतर गावच्या दूध संस्थेचे सचिवपद निर्धास्तपणे स्वीकारले. संगणकाला जोडलेले दोन वजनकाटे एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत म्हणून आपल्यावर डोके धरून बसण्याची पाळी येईल, असे त्या वेळी मला कोणी सांगितले असते तर मी त्याला पट्टीच दाखवली असती.

प्रवरेच्या काठावरचे आमचे गाव दुधावर जगते. पहाटे सहाला संस्थेच्या दारात दोन रांगा लागतात, एक गाईच्या दुधाची आणि दुसरी म्हशीच्या दुधाची. गाईच्या दुधाचे मोजमाप ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, धरून होते, तर म्हशीचे ६ आणि ९ धरून. दर निराळे, दरपत्रके निराळी, आणि म्हणून काटेही निराळे. काटे घ्यायची वेळ आली तेव्हा संचालक मंडळासमोर मी एक छोटेखानी व्याख्यान दिले होते. दोन्ही काटे एकाच कंपनीचे, एकाच जातीचे आणि एकाच दिवशी घ्यावेत, त्यांच्या केबलीही एकाच ठेल्यावरच्या असाव्यात, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला चालेल, असा माझ्या म्हणण्याचा सारांश होता. मंडळाने तो एकमताने मंजूर केला. तो ठराव इतिवृत्तात माझ्याच अक्षरात असल्यामुळे पुढे मला तो नाकारताही आला नाही.

काटा आणि संगणक यांच्यामधली ती केबल हेच या सगळ्याचे मूळ आहे. काटा बोलतो ती भाषा जुनी आहे. आरएस-२३२ नावाचे ते मानक १९६० साली आले आणि नऊ पिनांच्या, दोन बाजूंना स्क्रू असलेल्या जोडणीतून काटा अजूनही तीच बोलतो. नव्या संगणकांना ती नऊ पिनांची जागा राहिलेली नाही, त्यांना १९९६ साली अवतरलेले यूएसबीच तेवढे समजते. म्हणून मध्ये एक दुभाषी केबल लागते. तिच्या पोटात एक चिप असते, ती काट्याचे वजन ऐकते आणि संगणकाच्या कानात सांगते. संगणक प्रत्येक दुभाष्याला एक कॉम पोर्ट क्रमांक, म्हणजे त्या जोडणीचा हजेरी क्रमांक, देतो. आमच्याकडे कॉम ३ म्हणजे गाय आणि कॉम ४ म्हणजे म्हैस असे ठरले, पडद्यावर दोन चौकटी उघडल्या, आणि सात महिने कोणाची काही तक्रार आली नाही.

आठव्या महिन्यात लादी पुसणाऱ्या पोऱ्याने टेबल सरकवण्यासाठी संगणकाच्या पाठीमागच्या दोन्ही केबली उपसल्या आणि काम झाल्यावर इमानदारीने परत लावल्या. मुलगा गुणी आहे. एकसारख्या दोन खाचा, एकसारख्या दोन केबली. त्याने लावल्या त्या घट्ट बसल्या, यापलीकडे त्याच्याकडून कसली अपेक्षा करणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे गाईच्या रांगेत आमच्या गावातले सर्वात मोठे गोठेवाले उभे होते. त्यांच्या दुधाने काट्यावर ४१.२ किलो दाखवले. लिटरला १.०३ किलो या हिशेबाने ते बरोबर चाळीस लिटर होते. त्याच क्षणी म्हशीच्या काट्यावर आमच्या मावशींची किटली रिकामी झाली होती. मावशींची एकच म्हैस, तीही उतरत्या दुधाची, तिचे जेमतेम दोन लिटर. मी दोघांचे सभासद क्रमांक टाकले, कळ दाबली, आणि पावत्या निघाल्या. मावशींच्या पावतीवर म्हशीचे चाळीस लिटर दूध आणि फॅट ७.१ असे छापले गेले. मावशींनी चष्मा लावून पावती दोनदा वाचली, ती घडी घालून कनवटीला खोचली, आणि खंडोबाच्या देवळाच्या दिशेने हात जोडून अत्यंत शांतपणे म्हणाल्या, “काल सरकीची पेंड जरा जास्त घातली व्हती.”

गोठेवाल्यांनी मात्र आपली दोन लिटरची पावती इतक्या शांतपणे घेतली नाही. त्यांनी जे काही उद्गार काढले ते शिक्षकी पेशातल्या माणसाने लिहू नयेत. त्यांचे म्हणणे रास्त होते, कारण काट्याच्या तोंडावर ठळक ४१.२ दिसत होते आणि माझा संगणक ते बेलाशक शेजारच्या रांगेत वाटून मोकळा झाला होता. त्या सकाळच्या एकोणीस पावत्या मी हाताने दुरुस्त केल्या. एकोणिसावी कनवटीतून बाहेर यायला दुपार उजाडली.

संगणकावर ‘डिव्हाइस मॅनेजर’ नावाची एक खिडकी असते. तिथे जोडलेल्या सर्व उपकरणांची हजेरी लागलेली दिसते, म्हणून मी मोठ्या आशेने ती उघडली. तिथे दोन ओळी होत्या. दोन्हींत चिपचे तेच नाव, तेच अक्षर, पुढे कंसात तेवढा कॉम ३ आणि कॉम ४. कॉम ३ च्या शेपटाला नेमका कोणता काटा बांधला आहे, याबद्दल खिडकीने मौन पाळले होते. हजेरीपटावर दोन मुलांची नावे, आडनावे, बापाची नावे आणि जन्मतारखा एकच असाव्यात आणि दोघांनीही एकदम ‘हजर’ म्हणावे, तसा तो प्रकार होता.

अशा वेळी सगळा देश जो उपाय करतो तो मीही केला. पोऱ्याला संगणकाच्या मागे बसवले, मी पडद्यासमोर बसलो आणि “काढ!” असे ओरडलो. संगणकातून तो केविलवाणा ‘टुंग’ आवाज आला आणि एक ओळ नाहीशी झाली. “कोणती काढलीस?” असे मी विचारले. “ही,” असे उत्तर टेबलाखालून आले. या ‘ही’चा उलगडा होईपर्यंत त्याने ती पुन्हा लावली होती, आणि दुसरी काढताना पहिलीचाही हिसका बसून दोन्ही ओळी एकदम गेल्या. वीस मिनिटांच्या काढ-लावीनंतर आम्ही दोघेही एका निष्कर्षाला आलो होतो, फक्त दोघांचे निष्कर्ष निराळे होते.

मग खुणा करणे आले. कागदी चिठ्ठ्या दुधाच्या ओलीने तिसऱ्या दिवशी गळून पडल्या. सौभाग्यवतींच्या नेलपॉलिशने मी गाईच्या केबलीवर लाल ठिपका दिला, तर तो सोड्याच्या पाण्याने पुसताना गेला, आणि बाटली परत करताना झालेली चौकशी निराळीच. शेवटी देवळातून लाल आणि पिवळा असे दोन दोरे आणून बांधले. महिन्याभरात दोन्ही दोरे दूध, धूळ आणि हातांचा मळ पिऊन एकाच काळपट रंगाचे झाले.

दिवाळीला भाचा आला. तो पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकतो आणि मामाची फजिती पाहण्यात त्याला रस आहे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि सांगितले ते असे, की यूएसबीचे प्रत्येक उपकरण जोडल्याबरोबर संगणकाला आपली ओळख सांगते. त्यात एक क्रमांक बनवणाऱ्याचा असतो, दुसरा क्रमांक त्या जातीच्या मालाचा असतो, आणि तिसरा, म्हणजे त्या एकट्या नगाचा अनुक्रमांक, ऐच्छिक असतो. ऐच्छिक म्हटल्यावर स्वस्त माल बनवणारे तो कशाला घालतील? आमच्या दोन्ही केबलींनी तो घातलेला नव्हता.

मी थक्क झालो. आमच्या गावातल्या प्रत्येक गाईम्हशीच्या कानात सरकारी योजनेचा पिवळा बिल्ला आहे आणि त्यावर १२ अंकी क्रमांक आहे. मावशींची उतरत्या दुधाची म्हैससुद्धा क्रमांकाने नोंदलेली आहे. काट्यांवर अनुक्रमांकाची पत्र्याची पट्टी आहे आणि दरवर्षी वैधमापन विभाग त्यांवर शिक्का मारतो. फक्त काट्याला आणि संगणकाला जोडणारी ती हातभर केबल तेवढी बिनबिल्ल्याची निघाली.

“पण मग त्याने सात महिने ओळखले कसे?” मी विचारले.

“ओळखलंच नव्हतं, मामा. अनुक्रमांक नसला की विंडोज खाच लक्षात ठेवतं. वरच्या खाचेत जे काही लागेल ते कॉम ३. तिथे कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.”

याचा अर्थ, माझा संगणक सात महिने माणसे नव्हे तर बाके ओळखत होता. असे शिक्षक मी पाहिले आहेत. दुसऱ्या रांगेतल्या खिडकीजवळच्या मुलाला ते वर्षभर एकाच नावाने हाका मारतात आणि मुलांनी जागा बदलल्या की निकालपत्रकेही बदलतात.

भाच्याने पुढे डिव्हाइस मॅनेजरमधली लपलेली उपकरणे दाखवली. दुरुस्तीच्या नादात मी केबली संगणकाच्या पुढच्या-मागच्या सगळ्या खाचांत आणि मध्ये एकदा शेजाऱ्याकडून आणलेल्या हबमध्ये, म्हणजे एका खाचेच्या अनेक खाचा करणाऱ्या डबीत, फिरवल्या होत्या. प्रत्येक नव्या खाचेला संगणकाने नवा क्रमांक देऊन ठेवला होता आणि यादी कॉम १७ पर्यंत पोचली होती. दोन केबलींची पंधरा भुते फिकट अक्षरांत ओळीने उभी होती. यूएसबीच्या एका जाळ्यावर कागदोपत्री १२७ उपकरणे बसतात, असे भाच्याने कौतुकाने सांगितले. मी त्याला फराळाचे ताट दिले.

भाचा परत गेल्यावर मधल्या काळात उपयोगी पडले ते आमचे अध्यक्ष तात्या. तात्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण गोठ्यात काळोखात तीस जनावरे ओळखणारा माणूस. ते म्हणाले, “गुरुजी, दोन सारख्या कालवडी असल्या तर हाक मारायची. जिची ती मान वळवते.” आणि त्यांनी पाच किलोचे वजन उचलून गाईच्या काट्यावर ठेवले. पडद्यावर ज्या चौकटीत पाच उमटले ती गाईची! इतके महिने मी केबलींच्या शेपट्या हुंगत होतो आणि काट्यालाच विचारावे हे मला सुचले नव्हते. त्या दिवसापासून रोज पहाटे गाईच्या काट्याला पाच किलोंची हाक मारायची, तो ‘ओ’ देतो का ते पाहायचे आणि मगच रांग सोडायची, असा शिरस्ता पडला. दोनदा पाच किलो काट्यावरच राहून पहिल्या सभासदाला तेवढे दूध फुकट मिळाले, एवढे सोडले तर उपाय बिनतोड होता.

परंतु तो बिनखर्चाचा आणि चौथी शिकलेल्या माणसाचा असल्यामुळे माझ्या मनाला लागून राहिला होता. उन्हाळ्यात भाचा निराळ्या चिपच्या दोन केबली घेऊन आला. या केबलींना अनुक्रमांक होता. मी अधीरतेने विचारले तेव्हा त्याने पडद्यावर वाचून दाखवला: पहिलीचा ०००१. दुसरीचाही ०००१. कारखान्यातून त्या सगळ्या याच एका क्रमांकाने बाहेर पडतात, ज्याला हवा त्याने तो बदलून घ्यावा अशी सोय असते. म्हणजे आधीच्या जोडीला आधार कार्ड नव्हते आणि या जोडीला दोघींत मिळून एकच होते. भाच्याने मात्र एक छोटा प्रोग्राम चालवून तो क्रमांक पुसला आणि त्या जागी अक्षरे लिहिली. एकीच्या चिपमध्ये त्याने रोमन लिपीत ‘गाय’ लिहिले आणि दुसरीच्या चिपमध्ये ‘म्हैस’.

आता केबल कोणत्याही खाचेत लावली तरी संगणक तिला नावाने ओळखू लागला. मी स्वतः पोऱ्याला बोलावून केबली उपसायला आणि मनाला येईल तिथे लावायला सांगितल्या. त्याला वाटले मी चिडून बोलतो आहे. त्याने भीत भीत चार वेळा अदलाबदल केली आणि चारही वेळा गाय गाईच्या चौकटीत आणि म्हैस म्हशीच्या चौकटीत बिनचूक येऊन उभी राहिली. मी संचालक मंडळापुढे पुन्हा एक छोटेखानी व्याख्यान दिले. पाच किलोचे वजन कपाटात गेले. तात्या काही बोलले नाहीत, तंबाखू मळत राहिले.

भाद्रपदात वैधमापनाचे शिबिर शेजारच्या बाजाराच्या गावी लागले. काटे टेम्पोतून न्यायचे होते. नव्या केबली मोलाच्या, त्या मागे राहून कोणी इकडच्या तिकडे करू नयेत म्हणून मी त्या काट्यांना स्क्रूने आवळलेल्या तशाच गुंडाळून सोबत नेल्या. शिक्के झाले, पाऊस लागला, दिवे गेले, आणि रात्री नऊच्या सुमाराला बॅटरीच्या उजेडात दोन्ही काटे मी माझ्या हातांनी दोन टेबलांवर ठेवले. केबली संगणकाला जोडल्या. खाच पाहायची गरजच उरली नव्हती.

पहाटे सहाला पडद्यावर ‘गाय जोडली आहे’ आणि ‘म्हैस जोडली आहे’ अशा हिरव्या अक्षरांतल्या दोन ओळी आल्या. दोन्ही शंभर टक्के खऱ्या होत्या. गाईचा काटा आणि म्हशीचा काटा दोन्ही जागच्या जागी ओळखले गेले होते. त्यांच्या खालची टेबले तेवढी संगणकाला कोणी सांगितली नव्हती.

मी क्रमांक टाकले आणि कळ दाबली. गोठेवाले अजून पाकिटातून चष्मा काढत होते. मावशींनी मात्र आपली पावती उजेडात धरून दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिले, आणि या वेळी ती कनवटीला न खोचता टेबलावर ठेवून म्हणाल्या, “गुरुजी, आज तर पेंड घालायचीच राहिली व्हती.”