टिंकर बेल आणि उजळणारी हातोडी

दिवाळीच्या सुट्टीत माझी साडेपाच वर्षांची नात आमच्याकडे नाशिकला राहायला आली होती आणि तिच्या आग्रहावरून मी तिच्याबरोबर ‘टिंकर बेल’ हा परीचा ॲनिमेशनपट पाहिला. २००८ साली आलेला आणि ब्रॅडली रेमंड यांनी दिग्दर्शित केलेला डिस्नेचा हा चित्रपट अवघ्या ७८ मिनिटांचा आहे आणि तो मुख्यतः घरी डीव्हीडीवर पाहण्यासाठीच काढलेला होता. लहान मुलींचा चित्रपट म्हणून मोठी माणसे तो लावून देतात आणि स्वयंपाकघरात निघून जातात. मी मात्र शेवटपर्यंत बसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पाहिला, कारण त्यातील एक गोष्ट मला मनापासून आवडली, एक गोष्ट मनात सलत राहिली, आणि दोन्हींचे मूळ एकाच प्रसंगात आहे.

तो प्रसंग अगदी सुरुवातीचा आहे. एका तान्ह्या बाळाचे पहिले हसू, आपल्याकडे म्हातारी उडते तशा एका हलक्या बीवर बसून, वाऱ्याबरोबर पऱ्यांच्या प्रदेशात पोहोचते आणि त्यातून नवी परी जन्माला येते. राणीच्या समोर, सर्व पऱ्यांच्या देखत, तिच्याभोवती निरनिराळ्या वस्तू मांडल्या जातात. पाण्याचा थेंब, प्रकाश, फूल अशा एकेका वस्तूजवळ ती हात नेते आणि ती वस्तू मंदावते. कडेला एक हातोडी असते. परी जवळून जाताच ती आपोआप उजळते आणि उडून तिच्याकडे येते. ठरले! ही दुरुस्तीकाम करणारी परी. नातीने टाळ्या वाजवल्या आणि खरे सांगायचे तर मलाही भरून आले.

त्याचे कारण माझ्या लहानपणात आहे. माझे माहेर जुन्या नाशकातले, भांडी बाजारापासून चार पावलांवरचे. तांब्यापितळेच्या भांड्यांवर पडणारे हातोडीचे ठोके ऐकतच आम्ही सकाळी उठत असू. वर्षातून दोनतीनदा कल्हईवाला दारात यायचा, अंगणात लहानसा खड्डा करून कोळसा पेटवायचा, भाता चालवायचा, पातेले तापले की त्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि कथिलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने तो असा काही हात मारायचा की काळवंडलेले पातेले आतून चांदीसारखे लखलखू लागे. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, एवढे साधे कारण त्यामागे होते, पण आम्हा मुलांना ती जादूच वाटे.

‘टिंकर’ या शब्दाचा अर्थ हाच आहे, गावोगाव हिंडून भांडीकुंडी दुरुस्त करणारा कारागीर. जे. एम. बॅरी यांच्या ‘पीटर पॅन’ या नाटकात १९०४ साली ही परी प्रथम रंगमंचावर आली, तेव्हा ती भूमिका कोणी नटी करत नव्हती. आरशाने पाडलेला प्रकाशाचा एक ठिपका म्हणजे परी आणि घंट्यांची किणकिण म्हणजे तिचे बोलणे. पुढे १९११ साली बॅरी यांनी त्याच कथेची कादंबरी लिहिली, तीत ही परी भांडी आणि किटल्या दुरुस्त करते म्हणून तिचे नाव टिंकर बेल, असा स्पष्ट खुलासा आहे. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर ही कल्हईवाली परी आहे. नातीला मी हे सांगितले तेव्हा तिने विचारले, “मग तिची छडी कुठे आहे?” छडी नाहीच. या परीला काही हवे असेल तर ते हातांनी घडवावे लागते.

चित्रपटातील हा भाग मला फार मोलाचा वाटतो. सर्व पऱ्या वसंत ऋतूची तयारी करत असतात आणि तयारी झाल्यावर तो ऋतू माणसांच्या जगात घेऊन जाण्याचा मान पाण्याच्या, प्रकाशाच्या, फुलांच्या, प्राण्यांच्या पऱ्यांना मिळतो. त्यांची साधने बनवणाऱ्या दुरुस्तीवाल्या पऱ्या मात्र मागेच राहतात. टिंकर बेलला हे खुपते. समुद्रकिनाऱ्यावर तिला माणसांच्या जगातून वाहून आलेल्या हरवलेल्या वस्तू सापडतात, आणि त्यांचे निरनिराळे भाग जुळवत गेल्यावर त्यातून एक संगीतपेटी उभी राहते. माझ्या नातीच्या घरी खेळणे मोडले की त्याच आठवड्यात नवे येते. मोडलेली वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून, ती कशी चालत असेल याचा विचार करणारी एक मुलगी तिला पडद्यावर दिसली, याचा मला आनंद आहे. त्या परीची नको इतकी बारीक कंबर मलाही आवडत नाही, आणि तिच्या नावावर विकली जाणारी खेळणी तर त्याहून आवडत नाहीत, पण या गोष्टींवर पुष्कळ लिहिले गेले आहे.

सलणारी गोष्ट नातीनेच दाखवून दिली. टिंकर बेल आपले काम बदलू पाहते. ती कोळ्याच्या जाळ्यावर दव ठेवायला जाते, तो थेंब फुटतो. प्रकाशाचे काम जमत नाही. पक्ष्याच्या पिल्लाला उडायला शिकवायला जाते आणि तिथेही फजिती होते. त्या वेळी नात माझ्याकडे वळून म्हणाली, “आजी, तिला पाण्याची परी होताच येणार नाही का? हातोडी पेटली म्हणून?”

मी चित्रपट थांबवला. माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. जन्मल्या दिवशी, सर्वांच्या देखत, तुझे काम कोणते हे ठरते आणि पुढे ते बदलत नाही, ही कल्पना परदेशातील पालकांना गोड वाटत असेल. आपल्याला ती इतकी गोड वाटू नये. कोणाच्या पोराने कोणता धंदा करायचा हे जन्मावरून ठरवणारी बलुतेदारी आपल्या गावगाड्याने शतकानुशतके चालवली. ज्या नाशकात १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह झाला, जन्म पाहून दार बंद ठेवण्याविरुद्ध माणसे उन्हात उभी राहिली, त्या नाशकात बसून मी माझ्या नातीला “हो, हातोडी पेटली म्हणून” असे उत्तर देणार नव्हते. चित्रपट काढणाऱ्यांच्या मनात असे काही नव्हते, हे मला कळते. पण गोष्ट ज्या घरात ऐकली जाते, त्या घराचा इतिहास तिला चिकटतोच.

दुसऱ्यांदा पाहताना मला आणखी एक गोष्ट दिसली. टिंकर बेल प्रत्येक काम फार तर एकदोनदा करून पाहते. थेंब फुटतो आणि आपण हसतो, पण उद्या पुन्हा ये, परवाही ये, असे तिला कोणी म्हणत नाही. न जमण्याचे कारण जन्म आहे की सराव नसणे, याचा विचार करायला कथेत सवडच ठेवलेली नाही. माझी नात गेल्या उन्हाळ्यात पोहायला शिकली. तलावाच्या पाण्यात नुसते तोंड बुडवायला तिला तीन आठवडे लागले होते. मी तिला तेवढीच आठवण करून दिली. ती जरा गप्प बसली आणि म्हणाली, “तिला तीन आठवडे दिलेच नाहीत.”

चित्रपटाच्या शेवटी टिंकर बेलच्या हातून झालेल्या चुकीमुळे वसंताची सारी तयारी उद्ध्वस्त होते, आणि मग त्याच हरवलेल्या वस्तूंपासून यंत्रे बनवून ती सर्वांचे काम वेळेत पूर्ण करून देते. तिला माणसांच्या जगात जाण्याची परवानगीही मिळते. मला हा शेवट आवडतो, पण अर्धाच. मागे राहणाऱ्या कारागिराला मान मिळाला, हे योग्यच झाले. मात्र फुलांच्या एखाद्या परीला हातोडी हातात घ्यावीशी वाटली तर काय, या प्रश्नाला चित्रपट हात लावत नाही. म्हणून माझे मत असे आहे की हा चित्रपट पाच-सहा वर्षांच्या मुलांना जरूर दाखवावा, पण शेजारी बसून दाखवावा आणि हातोडी उजळते तिथे थोडा वेळ थांबावे.

नात परत जाण्याआधी तिला मी भांडी बाजारात घेऊन गेले. तिथे एक कारागीर तांब्याच्या हंड्यावर ठोके देत बसले होते. ती कितीतरी वेळ पाहत उभी राहिली आणि मग तिने त्यांना विचारले, “काका, तुम्हाला हे पहिल्या दिवशीच आलं का?” ते हसले आणि त्यांनी आपल्या अंगठ्यावरचा जुना वण तिला दाखवला.