पोहणाऱ्या मुलीची प्रेमकथा कशी लिहावी?

बेळगावच्या टिळकवाडीत आरपीडी कॉलेजच्या कोपऱ्यावर संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या मंडळींत सध्या एकाच प्रकरणावरून वाद पेटला आहे. आप्पा कुमारवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहीत आहेत. नायिका बेळगावची, दहावीतली, शंभर मीटर फ्रीस्टाइल पोहणारी. नायक त्याच तलावावर सराव करणारा, घरी कन्नड बोलणारा मुलगा. आप्पांनी वाचून दाखवलेल्या प्रकरणात ही मुलगी बंगळूरच्या राज्य स्पर्धेत शेवटच्या पंचवीस मीटरला मागे पडते, श्वासासाठी मान वळवते, गॅलरीत तो उभा असलेला तिला दिसतो आणि अंगात बळ संचारून ती पहिली येते. मास्तरांना हे प्रकरण फार आवडले आणि कोचला ते मुळीच पटले नाही. मी कोचच्या बाजूचा आहे. मात्र माझी कारणे त्याच्या कारणांपेक्षा थोडी वेगळी असल्यामुळे ती सविस्तर मांडतो.

कोच हा आमचा मित्र मुलांना पोहायला शिकवतो आणि त्याचा आक्षेप सरळ होता. फ्रीस्टाइलमध्ये श्वास घेताना अर्धा चेहरा पाण्यातच असतो, गॉगलवर पाणी असते, आणि दिसलेच तर शेजारच्या लेनमधले डोके आणि काठाचा एक तुकडा दिसतो. उजवीकडे श्वास घेणाऱ्या मुलीला जाताना जो काठ दिसतो, तो टर्न घेऊन परत येताना दिसत नाही. तेव्हा समोरचा काठ दिसतो. "आप्पा, तुमचा मुलगा नेमका कोणत्या काठावर उभा आहे, ते आधी ठरवा," असे तो म्हणाला. शिवाय शेवटच्या टप्प्यात चांगले पोहणारे श्वास घेणेच कमी करतात, कारण मान वळवली की वेग तुटतो. मास्तरांनी यावर उत्तर दिले की कादंबरी म्हणजे पंचांचा अहवाल नव्हे, आणि वाचकाचे मन भरून येत असेल तर कोणता काठ होता हे विचारायला कोणी येणार नाही.

मास्तरांचे हे म्हणणे वरवर खरे वाटते, पण हा खेळ ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ते मान्य होणे कठीण आहे. १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर वैयक्तिक मेडलेत, म्हणजे पोहण्याचे चारही प्रकार एकट्याने पोहण्याच्या शर्यतीत, स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मॅकीला सेकंदाच्या दोन सहस्रांश फरकाने हरवले, आणि त्यानंतर वेळ शंभरांशापर्यंतच मोजायची, त्यापुढे बरोबरी मानायची, असे ठरले. म्हणूनच २०१६ साली रिओमध्ये सिमोन मॅन्युएल आणि अवघ्या सोळा वर्षांची पेनी ओलेक्सियाक या दोघींनी ५२.७० सेकंदांत भिंत गाठली तेव्हा दोघींनाही सुवर्णपदक मिळाले. २००८ मध्ये बीजिंगला शंभर मीटर बटरफ्लायमध्ये मायकेल फेल्प्सने मिलोराड चाविचला एका शंभरांशाने मागे टाकले. भल्या पहाटे, थंडीच्या दिवसांत अंगावर काटा येत असताना उघड्या तलावात उतरणाऱ्या मुली वर्षभर झिजतात ते अशा शंभरांशांसाठी, आणि आप्पांची नायिका गॅलरीकडे एकदा पाहून अख्ख्या शरीराच्या लांबीएवढे अंतर भरून काढते.

माझा मुख्य आक्षेप मात्र याहून पुढचा आहे. प्रेम घड्याळात दिसते, हेच मुळात आपल्याकडच्या आईवडिलांचेही म्हणणे असते. पोरीचे टाइमिंग बिघडले की घरात पहिला संशय "हिचे कोणाशी तरी काही चालले आहे" असा येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून बाप काठावर खुर्ची टाकून बसतो. आप्पांनी हेच समीकरण उलटे करून वापरले आहे. त्यांच्या कादंबरीत प्रेमामुळे वेळ सुधारते, घरच्यांच्या मते प्रेमामुळे ती बिघडते. दोघांच्याही लेखी मुलीचे मन स्टॉपवॉचवर वाचता येते. पंधरा वर्षांच्या ज्या वाचक मुलीची वेळ या मोसमात सुधारली नाही, तिने हे प्रकरण वाचून काय समजायचे? आपले प्रेम कच्चे होते असे, की आईचा संशय खरा होता असे? तिच्या हातात असे पुस्तक देणे मला अन्यायाचे वाटते आणि ते मी आप्पांना तोंडावर सांगितले.

यावर आप्पा थोडे दुखावले. "मग प्रेमकथा लिहायचीच नाही का?" असे त्यांनी विचारले. चहा घेऊन आलेली मास्तरांची भाची तोपर्यंत गप्प उभी होती. ती दहावीपर्यंत राज्य पातळीवर पोहत होती आणि आता अभियांत्रिकीला आहे. ती म्हणाली, "आप्पा, लिहा की. पण स्पर्धेतली नका लिहू, सरावातली लिहा." मग तिने जे सांगितले त्याने आमच्या चर्चेचा सगळा रोखच बदलला.

सरावाच्या वेळी एका लेनमध्ये पाच-सहा जण असतात आणि सगळे एकामागोमाग, लेनच्या एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत येत पोहतात. सर्वांत वेगवान असेल तो पुढे निघतो, बाकीचे ठरावीक सेकंदांनी त्याच्या मागे. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलामुलींच्या वेळांत फारसे अंतर नसते, त्यामुळे लेनमध्ये पुढे मुलगी असणे अगदी सर्वसाधारण आहे. त्यानंतर मुलांचे खांदे रुंदावतात आणि त्यांची वेळ काही विशेष न करता कमी होत जाते. पुष्कळ मुलींची वेळ मात्र शरीर बदलत असताना वर्ष-दीड वर्ष जागची हलत नाही, मग सराव कितीही करा. मागच्याला पुढे जायचे असेल तर तो पुढच्याच्या तळव्याला बोटे लावतो, आणि पुढची भिंतीशी पोहोचल्यावर कोपऱ्यात सरकून त्याला वाट देते. भाचीने सांगितले की जो मुलगा कित्येक वर्षे तिच्या पायांमागे पोहत असे, त्याची बोटे एका सकाळी पहिल्यांदाच तिच्या तळव्याला लागली. तिने वाट दिली. तो भिंतीशी आला, पण लगेच पुढे निघाला नाही. गॉगल कपाळावर चढवून "तूच जा पुढे" म्हणाला, आणि तिला त्याचा इतका राग आला की ती पाणी सोडून सरळ बाहेर गेली. "तो राग कशाचा होता, हे मला फार उशिरा कळले," एवढेच ती म्हणाली आणि कप गोळा करू लागली.

कट्ट्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि आधी बोलले ते मास्तरच. गॅलरीचा प्रसंग काढून टाकावा आणि कादंबरी या सकाळपासून सुरू करावी, असे त्यांनी स्वतःहून सुचवले. माझेही मत तेच आहे. पहिले प्रेम आणि पहिली कायमची पिछाडी एकाच माणसाकडून, एकाच वर्षी वाट्याला येणे, हे दुसऱ्या कोणत्या खेळात इतक्या उघडपणे घडत असेल असे मला वाटत नाही. त्यात मुलीचा काही दोष नाही, मुलाचाही नाही, आणि तरीही दोघांना एकमेकांच्या डोळ्यांना डोळा देता येत नाही. कुमारवयीन वाचकाला वाचायला हवे ते हे. पंधरा वर्षांचे वय काही कच्चे समजण्याचे नाही: बंगळूरची धिनिधी देसिंघू चौदाव्या वर्षी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटर फ्रीस्टाइल पोहली, आणि आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे सतरा वर्षे पूर्ण होण्याआधीच बीजिंगला जाऊन आला होता.

कोल्हापूरचे नाव निघाल्यावर मास्तरांनी नायकालाच कोल्हापूरचा करावा असा मुद्दा काढला, कारण ताटातूट आयती मिळेल. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर राहणारी ही दोन मुले एक कर्नाटकाकडून आणि दुसरा महाराष्ट्राकडून उतरणार, म्हणजे भेट झाली तर राष्ट्रीय स्पर्धेतच. कल्पना चांगली आहे, पण मग लेन एक राहत नाही आणि तळव्याचा तो प्रसंगच जातो, म्हणून ती आम्ही लगेच सोडून दिली.

कोचने मग एक गोष्ट सांगितली, आणि आप्पांनी खिशातून वही काढली ती तेव्हा. पोहण्याच्या स्पर्धेत दुसऱ्याकडे पाहणे हेच ज्याचे काम असते असा एकच प्रसंग आहे, रिलेचा, म्हणजे संघातल्यांनी एकामागून एक पोहायच्या शर्यतीचा. पाण्यातल्या जोडीदाराचे हात भिंतीला लागण्याआधी ब्लॉकवरच्याचे, म्हणजे उडी मारायच्या चौथऱ्यावर उभा असलेल्याचे, पाय सुटले तर सगळा संघ बाद होतो, आणि तो उशिरा सुटला तर वेळ जातो. म्हणून वर उभा असलेला शेवटचे पाच-सात मीटर फक्त येणाऱ्याच्या हातांवर नजर लावून असतो. तोक्योच्या ऑलिंपिकपासून मिश्र मेडले रिलेही आहे, दोन मुलगे आणि दोन मुली, आणि कोणता टप्पा कोणी पोहायचा हे संघाने ठरवायचे. तिथे अमेरिकेने केलेब ड्रेसेलला शेवटी ठेवले होते. त्याच्या वाट्याला इतकी पिछाडी आली की त्याच्यासारख्या जलतरणपटूलाही संघाला पाचव्या क्रमांकापलीकडे नेता आले नाही, आणि ब्रिटनची ॲना हॉपकिन शेवटच्या टप्प्यात आघाडी राखून पहिली आली.

मास्तरांना आता नायिका शेवटीच हवी आहे, मागून मुलगे येत आहेत आणि ती पुढे आहे, असे. कोच म्हणतो, ते टप्पे वेळा पाहून ठरतात, मास्तरांच्या इच्छेवर नाहीत. मेडले रिलेत फ्रीस्टाइल बटरफ्लायनंतर येते, म्हणून मुलगा बटरफ्लायचा असेल तरच ती त्याच्यानंतर फ्रीस्टाइलला उडी मारेल. मी मास्तरांच्या बाजूने एवढेच म्हणालो की तसे असेल तर त्याला बटरफ्लायचा करण्यात काही बिघडत नाही, मात्र निकाल काय लागला ते त्यांच्या दोघांच्या नात्याचे उत्तर म्हणून लिहू नये. मागच्या मुलांनी तिला गाठले तरी चालेल आणि न गाठले तरी चालेल. आप्पांना हे अर्धेच पटले आहे, कारण त्यांच्या मते वाचकाला निकाल हवाच असतो. गोवावेसच्या तलावावर सकाळचा सराव पाहायला ते येत्या रविवारी जाणार आहेत, आणि भाचीने त्यांना गॅलरीत न बसता ब्लॉकच्या मागे उभे राहायला सांगितले आहे.