एनक्लेक्स ८५ ला बंद झाली म्हणजे पास? नाही हो!

ग्रुपवर परत तेच फिरतंय, एनक्लेक्स-आरएन (अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवायची कॉम्प्युटरवरची परीक्षा) ८५ प्रश्नांत बंद झाली की पास आणि १५० पर्यंत गेली की नापास. असं काही नाहीये. तुमच्या उत्तरांवरून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न निवडतो आणि तुम्ही पासिंगच्या रेषेच्या वर आहात की खाली याची त्याला ९५ टक्के खात्री पटली की परीक्षा थांबते, म्हणजे ८५ ला नापास होणारेही असतातच ना. १५० पर्यंत गेलात तर रेषेच्या आसपास आहात एवढंच, तुमच्या क्षमतेचा शेवटचा अंदाज रेषेच्या वर निघाला की पास. आणि १५ प्रश्न तर मोजलेच जात नाहीत, कुठले ते सांगत नाहीत, त्यामुळे एखादा विचित्र प्रश्न आला म्हणून हातपाय गाळू नका. प्रश्नांचा आकडा सोडा, ५ तासांच्या वेळेवर लक्ष ठेवा.