शालीखालचा टेपरेकॉर्डर

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मध्यंतरी एका मैत्रिणीने सकाळच्या मैफलीत एका गायिकेने गायलेल्या तोडी रागाची क्लिप टाकली. पहिल्या रांगेत फोन उंच धरून काढलेली, चांगली अकरा मिनिटांची. ग्रुपमधलाच एक तबला वाजवणारा मित्र संतापला. "बाईंना विचारलं होतंस का?" तिचं उत्तर, "तिकीट काढून गेले होते." मग दोन दिवस धुमश्चक्री चालली आणि शेवटी प्रश्न माझ्याकडे वळला : तुमच्या अमेरिकेत काय करतात रे?

सोळा वर्षं मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतोय, म्हणून हे उत्तर.

इथे आधी सांगतात. फोटोग्राफरना बहुतेक मोठ्या कार्यक्रमांत ठरलेला नियम असतो : पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग कॅमेरा बंद. काही कलाकार तर प्रेक्षकांचे फोनच कुलूपबंद पिशवीत ठेवायला लावतात. पिशवी आपल्याच हातात राहते, बाहेर पडताना उघडून मिळते. मला ते पटत नाही. घरी आजारी माणूस असलेल्याने काय करायचं? पण निदान नियम तिकीट घेतानाच माहीत असतो, जायचं की नाही हे आपण ठरवू शकतो.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरणही याच गावांतलं. ग्रेटफुल डेड या बँडचे चाहते वर्षानुवर्षं मैफली टेप करत. बँडने हाकलून देण्याऐवजी ऑक्टोबर १९८४मध्ये बर्कलीच्या कार्यक्रमात त्यांच्यासाठी स्वतंत्र जागाच राखून ठेवली. तिथे मायक्रोफोन उभे करा, टेपा एकमेकांना द्या, फक्त विकू नका. त्या वृत्तीचा पुढचा अवतार म्हणजे इंटरनेट आर्काइव्हवरचा २००२पासूनचा मैफलींचा संग्रह. ज्या बँडने होकार दिला, त्याचंच रेकॉर्डिंग तिथे राहतं.

आता कायदा. आपल्याकडे समज असा, की परदेशात सगळं मोकळं आणि आपल्याकडेच जाच. आहे उलटं. भारताच्या कॉपीराइट कायद्यातलं ३८वं कलम कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क देतं, ५० वर्षांसाठी. पण ३९वं कलम स्वतःपुरतं केलेलं रेकॉर्डिंग त्यातून वगळतं. अमेरिकेत १९९४च्या कायद्याने गायकाच्या संमतीशिवाय मैफल मुद्रित करणं हेच उल्लंघन ठरवलं. म्हणजे माझ्या मैत्रिणीने तोडी टिपली आणि घरी ऐकली, तर आपला कायदा तिच्या बाजूने आहे. तिने ती चारशे जणांत वाटली, तिथे प्रश्न सुरू होतो. आपल्या वादात टिपणं आणि वाटणं कायम एकाच गाठोड्यात बांधलं जातं. २०१९मध्ये सुबोध भावे यांनी नाटकात वाजणाऱ्या फोनांवर जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हाही चर्चा फिरून फिरून मोबाइलचं नेटवर्क अडवणाऱ्या जॅमरपाशी आली. जॅमर लावून घंटी थांबेल, कॅमेरा कसा थांबेल?

आणि इथला नियम उचलून तसाच नेला तर फसेल. तीन गाण्यांचा हिशोब ख्यालाला लावायचा कसा? विलंबितची, म्हणजे संथ लयीची, पहिली दहा मिनिटं हीच सगळ्यात नाजूक. राग अजून डोळे उघडत असतो आणि नेमकी तेव्हाच वृत्तपत्रांच्या कॅमेऱ्यांची कटकट चालू असते. आपल्याकडे फोटो तंबोरे जुळवताना काढावेत, नाहीतर थेट शेवटच्या जलद द्रुतमध्ये. हे गायकाने आयोजकाला सांगावं आणि आयोजकाने पहिल्यांदा स्वतःच्या माणसांना लागू करावं. श्रोत्यांना फोन बंद करायला सांगून प्रायोजकासाठी कॅमेऱ्याचा दांडा डोक्यावरून फिरवणारे आयोजक मी पाहिलेत. त्यांचं कोण ऐकेल?

गाण्यासारखाच प्रश्न कलाकाराच्या चित्राचा आणि नावाचाही. त्याचं चित्र छापून चोरून विकल्या जाणाऱ्या टी-शर्टांबद्दल माझं मत सरळ आहे. दहा मैत्रिणींसाठी लाडक्या गायकाचं चित्र छापून घेणाऱ्या मुलीच्या मागे कुणी लागू नये. दुकान मांडणाऱ्याला मात्र अडवावंच. दलेर मेहंदींचं गाणं म्हणणाऱ्या बाहुल्यांच्या खटल्यात २०१०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गायकाची बाजू घेतली. २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांचा आवाज आणि नाव वापरणाऱ्यांना रोखलं. यंत्राने आवाजाची नक्कल करता येते म्हटल्यावर प्रत्येक सांडलेली क्लिप हा कच्चा माल आहे, हे मैत्रिणीला मी कळवळून सांगितलं.

तरी मला एक गोष्ट छळते. गायिका केसरबाई केरकरांना ध्वनिमुद्रणाचं वावडं, आणि १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर ध्वनिमुद्रिकेवर अवकाशात गेलं त्यांचंच गाणं, 'जात कहाँ हो'. अन्नपूर्णादेवींनी मैफली सोडल्या, आपलं वादन प्रसिद्ध होऊ दिलं नाही. आज त्यांच्या सूरबहारचं, म्हणजे सतारीच्या जातीच्या खर्जातल्या वाद्याचं, जे थोडं ऐकायला मिळतं, ते खाजगीत, कुणीतरी टिपलेलं. ते ऐकताना मी रडलो आहे. कुणी आज्ञा मोडली नसती तर माझ्या वाट्याला काहीच आलं नसतं, हे मी कसं नाकारू?

कारण मीही मोडली आहे. पुण्यात एका घरगुती बैठकीत, विशीत असताना, शालीखाली टेपरेकॉर्डर ठेवून एका ज्येष्ठ गायकांचा मारवा राग मी चोरून टिपून घेतला. पुढे ते गेले. ती कॅसेट माझ्यासोबत अमेरिकेत आली, तिची डिजिटल प्रतही मी करून ठेवली. ग्रुपवरच्या भांडणानंतर मला राहवेना. त्यांच्या शिष्याला पत्ता काढून पत्र लिहिलं, सगळं कबूल केलं आणि विचारलं, हे लोकांपुढे आणू का?

आठवड्याने उत्तर आलं. रागावलेलं नव्हतं. "तुम्ही जरूर ऐका. पुढे देऊ नका. त्या संध्याकाळी बुवांचा आवाज बसला होता आणि घरी परतताना ते त्याच दुःखात होते."

मी तो मारवा शेकडो वेळा ऐकला आहे. आवाज बसलेला मला एकदाही जाणवला नव्हता. तबलजी मित्राने परवा ती फाइल मागितली. त्याला हे पत्र वाचून दाखवलं. फाइल पाठवली नाही.