माळढोक पाहिलेला माणूस

"सोलापूर? नान्नज के पास? सर, तो फिर ग्रेट इंडियन बस्टर्ड देखा होगा आपने!"

अंदमानात विमानतळाबाहेर पाऊल टाकल्या टाकल्या आमच्या गाइडनं हे विचारलं आणि मी "हां, बिलकुल" म्हणालो. पुढच्या सहा दिवसांत माझं जे काही झालं त्याचं मूळ या दोन शब्दांत आहे.

बायको कानाशी येऊन म्हणाली, "अहो, तो तुम्हाला काय म्हणाला?" तिला वाटलं, शिवीच दिली.

ग्रेट इंडियन बस्टर्ड म्हणजे आपला माळढोक, आणि मी माळढोक पाहिलेला नाही. आम्हा सोलापूरकरांना हा पक्षी माहीत झाला तो आकाशात बघून नव्हे, सात-बारा बघून. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं ते ८४९६ चौरस किलोमीटरचं. म्हणजे पक्ष्याला ऐसपैस जागा आणि माणसाला प्लॉट विकायची चोरी. माझ्या सासऱ्यांचा एक तुकडा त्यात असा अडकला, की आमच्या घरात वर्षानुवर्षं 'माळढोक' हा शब्द ठेच लागल्यावर वापरत. पुढे हद्द कमी करून सव्वाबाराशेच्या आसपास आणली, पण तोवर सासरे गेले होते आणि भावही. त्या अभयारण्यातल्या नान्नजला मी दोनदा गेलो. एकदा काळवीट दिसले, एकदा नुसतंच ऊन. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी उघड्या माळावर न दिसायला काहीतरी कर्तृत्व लागतं, ते माझ्यात आहे. आता तिथेच तो दिसेनासा झालाय, त्यामुळे मी खोटं बोलतोय हे सिद्ध करायला साक्षीदारही उरलेला नाही.

पण परमुलखात गावाची अब्रू असते. "नाही ओ, आम्ही फक्त चादरी विणतो," असं कसं सांगणार?

तर अंदमानला जायचं ठरलं ते साखरेमुळे. माझ्या. डॉक्टरांनी 'रोज चाला' असं लिहून दिलं होतं आणि मी औषधाच्या चिठ्ठीतली बाकी सगळी औषधं नियमानं घेत होतो. विजापूर रोडवरच्या आमच्या घरापासून दुधाचं दुकान दीडशे पावलांवर आहे, तिथे मी गाडीवर जातो. हे बायकोनं मुलीला सांगितलं आणि मुलीनं पुण्यात बसून आमचं बुकिंग करून टाकलं: सहा दिवस, बेटांवर, गाइडबरोबर पायी फिरणं, पक्षी-प्राणी बघणं. मी आकडा विचारला. तो ऐकून म्हणालो, "एवढ्या पैशात तर गाडी करून फिरवतात की!" मुलगी म्हणाली, "बाबा, चालण्याचेच पैसे आहेत ते."

बेट म्हणजे माझ्या लेखी एकच, सिद्धेश्वराच्या देवळाचं. तलावाच्या मधोमध, जायला रस्ता, बाहेर चपला काढायच्या एवढीच तयारी. या बेटांना मात्र यादी होती: गुडघ्यापर्यंतचे मोजे, मातकट रंगाचे कपडे, दुर्बीण, रेनकोट. मुलगी 'श्री विजयपुरम' म्हणत होती, तिकीट 'पोर्ट ब्लेअर' म्हणत होतं, त्यामुळे बायकोची दोन दिवस समजूत होती की ही दोन गावं आहेत आणि एक आपल्याला मुद्दाम दाखवत नाहीयेत. नाव २०२४ साली बदललं हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग तिकीटवाल्याला कुणी सांगायचं?" शेजारच्या अप्पांनी जिन्यातच अडवलं. "काळ्या पाण्याला निघालात म्हणे. गुन्हा काय केलात ओ मालक?"

चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे विमान. बायकोनं शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकऱ्यांची चवड घेतली. "जंगलात काय मिळतंय, काय नाही." या भाकऱ्या लक्षात ठेवा.

आमच्या गटात नाशिकचं एक नवरा-बायको होतं, सारख्या टोप्या घातलेलं, आणि सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका. बाईंजवळ दोनशे पानी वही होती. पक्षी दिसला की त्या नाव लिहायच्या, वेळ लिहायच्या आणि समोर 'कुणाकुणाला दिसला' असा रकाना भरायच्या. म्हणजे हजेरीच. गाइडनं सगळ्यांना माझी ओळख करून दिली: "सर ने बस्टर्ड देखा है." नाशिककरांनी टोपी काढली. बाईंनी वहीच्या पहिल्या पानावर नोंद केली.

अंदमानात सूर्य आमच्यापेक्षा तासभर आधी कामावर येतो. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण बेटं इतकी पूर्वेला की नोव्हेंबरात पाच-सव्वापाचला उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या आत दिवस संपतो. गाइड चार वाजता दार वाजवायचा. त्या वेळेला सोलापुरात कुत्रीसुद्धा कूस बदलून झोपतात. आणि पाच वाजता, ज्या वेळेला माझा दुपारचा चहा असतो, तेव्हा बाहेर काळोख. पहिल्या दिवशी बायकोनं हात जोडून शुभंकरोति म्हटलं आणि मग घड्याळ बघून पुन्हा एकदा डोळे चोळले.

पहिली सकाळ चिडिया टापूला. शहराच्या दक्षिणेला पंचवीस किलोमीटरवर, नावातच चिडिया. गाडीतून उतरलो, दहा मिनिटं चाललो आणि गाइड एकदम थांबला. हात वर. कुजबुजला, "सर, दो बजे."

मी एका दगडावर टेकलो. सव्वासहा वाजले होते. दोन वाजता दिसणार असेल तर आत्तापासून ताटकळायचं कशाला? बाईंनी दंडाला धरून उठवलं. घड्याळाच्या तबकडीवर जिथे दोन असतात त्या दिशेला बघायचं असतं म्हणे. ते कळेपर्यंत तिथले अडीच झाले होते, पक्षी सरकला होता.

"वो पतली डाल है ना, उसके पीछे मोटी डाल, उसके बाएँ जो पत्ता हिल रहा है..."

आता माझी अडचण समजून घ्या. आमच्याकडे झाड म्हणजे बाभूळ किंवा कडुलिंब, आणि उन्हाळ्यात त्यातही पानं कमी, धूळ जास्त. त्यावर पक्षी बसला तर तो लपून लपणार कुठे? इथे पडौक आणि गर्जनची झाडं इमारतीएवढी, त्यांवर वेली, वेलींवर आणखी काहीतरी, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पिऊन सगळं तट्ट फुगलेलं. एवढा पाऊस सोलापुरात पडायला चार वर्षं लागतात. यातलं 'जो पत्ता हिल रहा है' ते पान कोणतं? वारा होता, सगळीच हलत होती. मी दुर्बीण लावली. दुर्बिणीत मला स्वच्छ दिसल्या त्या माझ्याच पापण्या.

"दिसला!" नाशिकचे म्हणाले. "दिसला," त्यांची बायको. बाई लिहू लागल्या. माझी बायकोसुद्धा म्हणाली, "अगंबाई, भारद्वाजच की! पण हा विटकरी-करडा कसा? आपला काळा असतो." गाइड खूश झाला. अंदमानचा भारद्वाज वेगळाच, डोक्यापासून अंगापर्यंत फिकट, आणि तो या बेटांच्या बाहेर कुठे फारसा सापडत नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. माळढोक पाहिलेला माणूस काय म्हणतो?

"दिसला," मी म्हणालो.

एकदा म्हटल्यावर मग काय, अंदमानचा सर्पगरुड दिसला, अंदमानचा कोतवाल दिसला, रानकबुतर दिसलं. दुपारपर्यंत माझ्या नावापुढे अकरा पक्षी लागले होते आणि प्रत्यक्षात मी पाहिला होता एक कोंबडा, तोही हॉटेलचा.

फार मोठा श्वापदांचा धोका नाही, हे त्यातल्या त्यात बरं. अंदमानात वाघ नाही, बिबट्या नाही, माकडसुद्धा मूळचं नाही. चितळ इंग्रजांनी आणून सोडलेले. हे ऐकून मी सुटकेचा श्वास सोडला तेवढ्यात समोर समुद्रकिनाऱ्यावर पाटी: मगरींपासून सावध. खाऱ्या पाण्यातल्या मगरी. नदीत मगर असते हे ठीक, पण समुद्रातही? तिथे मात्र मी घड्याळाच्या बाराही आकड्यांवर नजर ठेवून होतो.

रात्रीची फेरी घुबडांसाठी होती. रात्रीची म्हणजे साडेपाचची. अंधारात 'हूऽऽ' असा आवाज, बॅटरीचा झोत, आणि पुन्हा सगळे "दिसलं, दिसलं". मीही. पण बाईंना शाळेची सवय. पेन्सिल रोखून त्या म्हणाल्या, "कान होते का हो?"

इथल्या काही जातींच्या घुबडांना डोक्यावर कानासारखी पिसं असतात, काहींना नसतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की दोन्हीपैकी एक उत्तर चूक आहे.

"एक होता," मी म्हणालो. "दुसरा पानाआड होता."

बाईंनी लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी माऊंट हॅरिएट. २०२१ पासून त्याचं नाव माऊंट मणिपूर. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरच्या कैद्यांना तिथे ठेवलं होतं म्हणून. उंची पावणेचारशे मीटरच्या आसपास. तुम्ही म्हणाल, एवढंच? आमच्या शहरातला सर्वांत मोठा चढ रेल्वेच्या पुलाचा आहे.

रात्री पाऊस झाला होता. अर्ध्या वाटेत गाइड म्हणाला, "लीच है, देख के." इतके दिवस मी ज्या प्राण्यांना शोधत होतो त्यांपैकी पहिला असा भेटला ज्यानं मला शोधलं. जळवेला माणसाचा श्वास आणि ऊब कळते म्हणे. चढावर माझा श्वास चाळीस फुटांवरूनही कळत असणार. चावते तेव्हा दुखत नाही, आणि तिच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून ती पोट भरून निघून गेल्यावर मागे वाहत राहतं. मोजा खाली केला तर तीन. चौथी बनियनपर्यंत पोचली होती. नाशिककरांच्या अंगावर एकही नाही. "तुमचं रक्त गोड ना," बायको म्हणाली. सोलापुरी टॉवेलनं पुसलं. तो पाणी काय टिपतो, त्याहून छान रक्त टिपतो.

मग एका ओंडक्यावर सगळे विसाव्याला बसले. गाइडनं ओठांवर बोट ठेवलं. इथे अंदमानचा सुतार असतो, मोठा, काळा, नराला लाल तुरा, जगात फक्त या बेटांवर. आवाज अजिबात नको. पाच मिनिटं गेली. मला भूक लागली. मी हळूच पिशवीत हात घातला आणि भाकरी मोडली.

कडक भाकरी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको. ती मोडते तेव्हा शेजारच्या घरात कळतं. कडाक्! सगळ्यांच्या माना माझ्याकडे. बायकोनं डोळे मिटून घेतले.

आणि लांबून उत्तर आलं. टर्रर्र-टक्.

गाइडचे डोळे चमकले. "सर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "एक और."

मी दुसरी मोडली. कडाक्. टर्रर्र, जरा जवळून. तिसरी मोडली. त्या माणसानं आयुष्यभर तोंडानं शिट्ट्या वाजवून पक्षी बोलावले होते, आणि आता हात जोडून ज्वारीची भाकरी मागत होता. बाईंनी घाईनं वहीत नवा रकाना आखला. पाच भाकऱ्या संपल्या. सहाव्या भाकरीला पंखांचा फडफडाट झाला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम "आऽऽ" निघालं. समोरच्याच खोडावर बसला होता म्हणे. दहा हातांवर. चांगला मिनिटभर.

मी तेव्हा खाली वाकून भाकरीचे तुकडे गोळा करत होतो. जंगलात काही टाकायचं नाही असा नियम होता.

"दिसला ना सर?" गाइडच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काय बोलणार? मान हलवली.

वर पोचल्यावर त्यानं खिशातून जुनी, तांबूस वीस रुपयांची नोट काढून समोर धरली. नोटेच्या मागच्या बाजूला नारळाची झाडं, समुद्र, दीपगृह. समोरही तेच. हे चित्र इथूनच घेतलं आहे म्हणतात. सगळ्यांनी नोटेसह फोटो काढले. माझ्या मनात एवढंच आलं की हे दृश्य कित्येक वर्षं माझ्या खिशात होतं, बसल्या जागी, वीस रुपयांत, जळवांशिवाय.

बाकीचे दिवस भरभर सांगतो. स्वराज द्वीपला जाताना बोट हलली आणि शेंगाचटणी समुद्राला अर्पण झाली, डब्यातली नव्हे, खाल्लेली. तिथे जंगलातून चिखल तुडवत एलिफंट बीचला गेलो. हत्ती नव्हता, म्हणजे निदान हा न दिसण्यात मी एकटा नव्हतो. बायकोनं नातवासाठी एक शंख उचलला, गाइडनं तो जिथला तिथे ठेवायला लावला. सेल्युलर जेलला गेलो तेव्हा मात्र बाईंनी वही पिशवीत ठेवली आणि तासभर आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

निघताना बाईंनी हिशोब वाचून दाखवला. सर्वांत जास्त पक्षी मला दिसले होते, सत्तेचाळीस. गाइडनं टाळ्या वाजवल्या. नाशिककरांनी पत्ता घेतला. पुढच्या हिवाळ्यात ते माळढोक बघायला आमच्याकडे येणार आहेत. मी दाखवणार आहे.

सोलापुरात परतल्यावर बातमी माझ्या आधी पोचली होती, बायकोकडून. रविवारी सकाळी संभाजी तलावावर आमची नेहमीची मंडळी जमली, एक फेरी आणि दोन चहावाली. अप्पा म्हणाले, "ओ मालक, एवढे पैसे घालून शिकून आलात, आम्हाला पण दाखवा की एखादा."

मी थांबलो. हात वर केला. सहा दिवस पाहिलेलं सगळं अंगात आलं. समोर कडुलिंब होता. मी डोळे बारीक केले आणि अगदी अंदाजपंचे कुजबुजलो, "दहा वाजता. बारीक फांदी आहे ना, तिच्या मागे जाड फांदी, तिच्या डावीकडे जे पान हलतंय..."

सगळे गप्प झाले. मला वाटलं, आता हसतील.

"अरे, हो की!" अप्पा म्हणाले.

"भारद्वाज," बायको म्हणाली. "जोडी आहे. डोळे बघा कसे लाल."

"पंख तांब्यासारखे," दुसरे कुणीतरी म्हणालं. "लई झकास!" चहावालासुद्धा गाडा सोडून येऊन बघून गेला. एकेकानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी पुन्हा बघितलं. चष्मा पुसून बघितलं. दहावर बघितलं, अकरावर बघितलं, मंडळी चहाला गेल्यावर झाडाखाली एकटा उभा राहून मान मोडेपर्यंत बघितलं.

मला काही दिसेना.