लिंगामुळे फसणाऱ्या कोट्या

दोन अर्थांचा शब्द शोधून तो वाक्याच्या शेवटी ठेवला की कोटी तयार होते, हे कोट्यांवरील एका लेखात वाचलेले सूत्र मला अपुरे वाटते, कारण मराठीत कोटी बहुधा शब्दावर नव्हे, तर लिंगावर फसते. ‘हार’ हा शब्द घ्या. फुलांचा हार पुल्लिंगी, पराभव या अर्थाची हार स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘हार मिळाला’ किंवा ‘हार मिळाली’ म्हणताच क्रियापद एक अर्थ मारून टाकते. मात्र ‘निकालाच्या दिवशी दोन्ही उमेदवार हार स्वीकारायला तयार होते’ असे लिहिले, तर लिंग कुठेच उघड होत नाही आणि दोन्ही अर्थ अखेरपर्यंत जिवंत राहतात.

सभंग श्लेषात, म्हणजे शब्द फोडून दुसरा अर्थ काढण्याच्या प्रकारात, तर शब्द तोडण्याची जागाच अर्थ पालटते. ‘औषध नलगे मजला’ हे दमयंतीचे उत्तर आई ‘न लगे’ असे ऐकते, तर मुलीच्या मनात ‘नल गे’, म्हणजे ‘माझे औषध नल राजा’, असते. (व्याकरणाच्या पुस्तकातले हे उदाहरण मला आजही अतिशय प्रिय आहे.) नवी कोटी रचणाऱ्याने म्हणूनच ती आधी मोठ्याने म्हणून पाहावी. शिवाय दोन्ही अर्थ ऐकणाऱ्याच्या रोजच्या वापरातले हवेत. ‘मित्र’ म्हणजे सूर्य हे आधी समजावून सांगावे लागले, तर हसू येत नाही.